परमिट रूममधलं परमिट

महाराष्ट्रात दारू पिणं बेकायदा आहे. वाक्य बरोबर आहे, पुन्हा वाचायची गरज नाही. गुजरातबद्दल नाही, आपल्याबद्दलच बोलतोय. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. नाव बदलून आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' झालंय, पण नावातली दारूबंदी गेलेली नाही. दारू बनवणं, बाळगणं, नेणं, विकणं, विकत घेणं आणि पिणं, सगळ्याला मनाई. मग अपवाद सुरू होतात. कारखान्याला परवाना, दुकानाला परवाना, हॉटेलला परवाना आणि पिणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला आणि मला, वेगळा परवाना.

'परमिट रूम' ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलोय. एसटीच्या खिडकीतून गावागणिक दिसायची. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे तर रांगेत चार होत्या. मला कित्येक वर्षं वाटायचं की परमिट म्हणजे मालकाचं, काउंटरच्या मागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं. ते असतंच. पण खोलीला परमिट रूम म्हणतात ते दुसऱ्या परमिटमुळे. ज्याच्या खिशात पिण्याचा परवाना आहे, त्यानेच जिथं बसून प्यायचं, ती ही खोली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फायरवॉल आठवली. सर्व्हरच्या सुरक्षेचं एक तत्त्व असतं, डिफॉल्ट डिनाय. आधी सगळे दरवाजे बंद करायचे, मग ज्याची गरज आहे तेवढाच उघडायचा. इथं सगळे दरवाजे बंद करून मग एकेक करत जवळपास सगळेच उघडलेत, फक्त पहिली ओळ तशीच ठेवलीय. असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर मी विचारेन की बाबा, ही ओळ ठेवलीस कशाला? उत्तर बहुधा येईल, 'काढायला भीती वाटली.' राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात सरकारने दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करावा असं लिहिलंय. गांधीजींच्या वर्ध्याचं राज्य, मोरारजींचा वारसा. ती ओळ काढणाऱ्या मुख्यमंत्र्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय वाचावं लागेल हे सांगायला नको.

असो. गेल्या वर्षी मी तो परवाना काढला. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांना मिळतो, देशीचा दोन रुपयांना. वर्षाचा शंभर, आजीव हजार. मी आजीव घेतला, कारण दर शुक्रवारी अर्ज करण्याचा उत्साह मला नाही. ऑनलाइन अर्ज, ओळखपत्र, वयाचा पुरावा, फोटो, फी. गंमत म्हणजे या परवान्याचं मूळ प्रयोजन आहे 'प्रकृतीचं रक्षण आणि स्वास्थ्य टिकवणं'. पन्नासच्या दशकात मुंबईत कडक बंदी असताना डॉक्टरचा दाखला वगैरे लागायचा, त्या काळाचा हा अवशेष. म्हणजे सरकारच्या नोंदीत मी शुक्रवारी रात्री मित्रांसोबत बसतो ते औषधोपचारासाठी.

ते परमिट घेऊन आम्ही ऑफिसजवळच्या नेहमीच्या जागी गेलो. ऑर्डर घ्यायला आलेल्या वेटरला मी मोबाइलवर ते दाखवलं. त्याने नीट वाचलं, मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरला वाटलं मी कुठल्या तरी खात्याचा माणूस आहे. नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. 'ठेवा सर आत,' तो म्हणाला, 'अकरा वर्षांत पहिल्यांदा बघतोय.'

मग इतकी वर्षं तिथं जे बसले, त्यांचे परवाने कुठून आले? ते बारच भरतो. एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं विकत आणायची आणि रोजच्या खपाला पुरतील एवढी नावं लिहायची. हे गुपित नाही, पेपरात कितीदा छापून आलंय. माझ्या एका मित्राच्या काकांची हायवेपासून आत परमिट रूम आहे. त्यांना मी विचारलं, 'काका, नावं कुणाची लिहिता?' ते म्हणाले, 'अरे बाळा, पोऱ्या लिहितो. मतदार यादी, लग्नपत्रिका, जे हाताला येईल ते.' आमच्या भाषेत याला टेस्ट डेटा म्हणतात. खरा माणूस नको असतो, फक्त रकाना भरलेला हवा असतो.

त्या रात्री टेबलावर चर्चा झाली ती अशी. माझी एक सहकारी म्हणाली, यात वाईट काय आहे? सरकारला पाच रुपये मिळाले, बारवाल्याचा धंदा झाला, आपल्याला कुणी फॉर्म भरायला लावला नाही. ज्या खोट्याने कुणाचंच नुकसान होत नाही ते खोटं कसलं? 'अटी व शर्ती मी वाचल्या आहेत' या चौकोनात आपण दिवसातून तीनदा टिक करतो. त्यातलंच हे.

हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा जड निघाला. उत्तराचा एक भाग काकांकडेच मिळाला. मी त्यांना विचारलं की सगळेच नावं खोटी लिहितात आणि वरच्यांनाही ते माहीत आहे, तर भीती कसली? ते हसले. 'भीती त्याचीच आहे. मी एकटा मोडत असतो तर एकदा पकडला गेलो असतो, दंड भरला असता, विषय संपला. सगळेच मोडतात म्हणून ज्याला पकडायचंय त्याला पकडतात. कधी, ते आपल्या हातात नाही.'

मला हे फार अचूक वाटलं. जो कायदा कुणीच पाळत नाही तो मेलेला असतो असं आपण समजतो. तो मेलेला नसतो. प्रत्येकाच्या नावावर थोडा थोडा गुन्हा जमा करून ठेवतो आणि वसुलीची तारीख दुसऱ्याच्या हातात देतो. विनापरवाना पिण्याला या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ती मला लागणार नाही, मी काचेच्या इमारतीतला माणूस. पण नाक्यावर कुणाला तरी हटकायचंच असेल तर ती तरतूद तयार आहे. ज्याला हटकलं जातं त्याचे कपडे कसे असतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पाच रुपयांच्या खोट्याचं नुकसान टेबलावरच्या कुणाचंच नव्हतं, म्हणून आम्हाला ते दिसत नव्हतं.

आता वयाचं बघा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ पूर्ण लागतात. गोव्यात १८. म्हणजे कॉलेजची पोरं बसने रात्रभरात सात वर्षं मोठी होतात. आपल्याकडे २१व्या वर्षी तुम्ही ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकता आणि बिअर पिऊ शकता. २५व्या वर्षी आमदार, खासदार होऊ शकता आणि व्हिस्की पिऊ शकता. हा योगायोगच असणार, पण मला तो आवडतो.

यावर हसणं सोपं आहे, मीही हसलोय. मग १९ मे २०२४ ची पहाट आली. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोघं आयटीत काम करणारे, माझ्यापेक्षाही लहान. गाडी चालवणारा १७ वर्षांचा, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो आधी दारू पिऊन निघालेला. पुढे काय काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं, निबंधासकट. मला इथं एवढंच म्हणायचंय की त्या रात्री वयाचा नियम कागदावर पूर्ण ताकदीने हजर होता. २१ होता, २५ होता, परवाना होता, परवान्यासाठी वयाचा पुरावा होता. चार कुलपं लावलेलं दार, आणि चारही कुलपं नुसती अडकवलेली. मग काही आठवडे शहरात बार सील झाले, रूफटॉपवर कारवाई झाली, दारात ओळखपत्रं तपासली गेली. तिशी ओलांडलेल्या आमच्या टीम लीडलाही आधार कार्ड मागितलं, त्याला केवढा आनंद झाला. पावसाळा संपेपर्यंत पुन्हा कुणी विचारेनासं झालं.

हे वेटरच्या बाजूनेही बघा. त्याला शंभर नियम दिलेत, त्यातले नव्वद नाटकाचे आहेत हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. पुस्तकात नावं खोटी लिहायची, ड्राय डेला मागच्या दाराने कुणाला घ्यायचं ते ओळखायचं. मग त्याच वेटरने समोर आलेल्या मिसरूड फुटलेल्या, मोठ्या गाडीतून उतरलेल्या मुलाला 'वय सांगा' म्हणावं, हा एक नियम मात्र खरा मानावा, अशी आपली अपेक्षा. त्याने कशावरून ओळखायचं की हाच तो खरा?

खोट्या नियमांची किंमत मला इथं दिसते. खरा नियम त्यांच्या गर्दीत हरवतो.

अंतराच्या नियमांची तर वेगळीच कथा. आपल्याकडे शाळा, मंदिर, मशीद यांच्यापासून ७५ मीटर. २०१६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, १ एप्रिल २०१७ पासून. हेतूबद्दल वाद नव्हता, महामार्गावर माणसं मरतात. पण मग मोजणी सुरू झाली. चंदीगडने शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकला, म्हणजे महामार्गच उरला नाही. केरळात उत्तर परवूरच्या एका बारमालकाने दारासमोर भिंतींचा चक्रव्यूह बांधला. बार जागच्या जागी, पण चालत जायचं अंतर ५०० मीटरच्या पुढे. माझ्यातला प्रोग्रॅमर त्या माणसाला सलाम करतो. नियमाने पायी अंतर मोजलं, त्याने पायी अंतर दिलं. पण त्याचबरोबर असंही वाटतं की त्या चक्रव्यूहातून बाहेर पडणारा माणूस गाडीपर्यंत पोचेपर्यंत जरा तरी शुद्धीवर येत असेल का? तसं असेल तर न्यायालयाचा हेतू चुकून साधला गेला म्हणायचा.

(जाता जाता: २०२२च्या कायद्याने महाराष्ट्रात दारू विकणाऱ्या आस्थापनांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला मनाई झाली. बारवर काय लिहू नये याबद्दल आपण फार जागरूक आहोत.)

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी म्हणतोय, हे सगळं रद्द करा, प्रौढ माणसाला काय प्यायचं ते ठरवू द्या. तीन वर्षांपूर्वी मी तसंच म्हणालो असतो. जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९चं 'ऑन लिबर्टी' हे तेव्हा माझं आवडतं पुस्तक होतं आणि अजूनही आहे. मिल या प्रश्नावर तपशिलात बोलतो. विकण्यावरची बंदी ही पिणाऱ्याच्याच स्वातंत्र्यावरची बंदी आहे, असं तो म्हणतो. गुत्त्यांची संख्या मुद्दाम कमी ठेवणं म्हणजे कामगारवर्गाला लहान मुलासारखं वागवणं, असंही म्हणतो. पण परवान्यालाच त्याचा विरोध नाही. विक्रेता बऱ्या वर्तनाचा असावा, उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, तिथं वारंवार दंगा होत असेल तर परवाना काढून घ्यावा. म्हणजे काय प्यायचं ते पिणाऱ्याने ठरवावं, पण दुकानाच्या आजूबाजूला काय घडतं त्याची जबाबदारी दुकानाची.

त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी, आपल्या पुण्यात, नगरपालिकेचे सदस्य असलेले जोतीराव फुले याच प्रश्नावर पत्र लिहीत होते. १८८० सालची गोष्ट. शहरात दारूची दुकानं वाढत होती आणि फुल्यांचा त्याला विरोध होता. नगरपालिका एका हाताने लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि ही दुकानं तेच आरोग्य बुडवतात, हे काय चाललंय, असा मुद्दा. आणि दुकानांवर कर बसवा, अशी सूचना. मिल आणि फुले, दोघंही माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य घालवलेले. फरक मला असा दिसतो की मिल पिणाऱ्याकडे बघून विचार करतो. फुले त्याच्या घराकडे बघतात.

घराकडे बघितलं की महाराष्ट्राच्या दारूच्या नियमांतला एक नियम एकदम उठून दिसतो. आडवी बाटली. २००८च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की शटर खाली.

या एका नियमात खोटेपणा नाही, कारण तो बरोबर माणसाला प्रश्न विचारतो. पिणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही, साहेबाला नाही. ज्या बाईच्या घरी संध्याकाळी तो माणूस परत येणार आहे, तिला. माझ्या आजोळच्या गावी असं मतदान झालं तेव्हा मी शाळेत होतो. मामी सकाळी सहाला आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून रांगेत उभी होती. विधानसभेला ती दुपारी जेवणं उरकून जायची.

पण हा नियम जेवढा सुंदर आहे तेवढाच त्याचा हिशोब कठीण आहे. निम्म्याहून जास्त, ते झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या. म्हणजे जी घरी बसली, जी मजुरीला गेली, जी लग्न होऊन दुसरीकडे गेली पण जिचं नाव यादीत राहिलं, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हजारांच्या यादीत सहाशे जणी आल्या आणि साडेचारशेंनी आडवीला मत दिलं, तरी दुकान चालू. आपले आमदार याहून कितीतरी कमी मतांवर निवडून येतात.

आणि बंदी आली की प्रश्न संपतो असंही नाही. वर्धा, गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे. गडचिरोलीत १९९३ला बंदी आली ती लोकांच्या मोठ्या आंदोलनातून, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात पुढे होते. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला बंदी लागू झाली आणि २०२१च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, हे कारण दिलं गेलं. ज्या बायकांनी मोर्चे काढून बंदी आणली होती त्यांना पुन्हा मतपत्रिका मात्र कुणी दिली नाही. बंदी योग्य की अयोग्य यावर मी दोन्हीकडचं वाचलंय आणि माझं मत डळमळीत आहे. विचारायचं कुणाला, याबद्दल ते डळमळीत नाही.

सरकार या सगळ्यात तटस्थ पंच नाही, हेही मधेच नोंदवून ठेवतो. २०२५च्या जूनमध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील या हिशोबाने. मग १४ जुलैला करवाढीविरुद्ध राज्यातल्या बार आणि परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. ज्या राज्यात कायद्याने दारूबंदी आहे तिथं दारूवाल्यांनी एक दिवस दारू बंद ठेवून निषेध केला. यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

हे सगळं माझ्यासाठी चर्चेपुरतंच राहिलं असतं. पण २०२५च्या मार्चमध्ये विधानसभेत घोषणा झाली की हाउसिंग सोसायटीच्या जागेत नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका गाळेवाल्याचा अर्ज आला. त्याला बिअर शॉपी काढायची होती.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत तीनशे मेसेज. मुलं, संस्कार, गेटवर गर्दी, फ्लॅटचे भाव. भावांचा मुद्दा सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त अंगठे त्यालाच मिळाले. मजा अशी की आमच्या कचऱ्याच्या खोलीत दर सोमवारी काय काय बाटल्या असतात ते सफाईवाल्या दादांना पाठ आहे. आम्हाला दारू नको होती असं नाही. आम्हाला ती दहा मिनिटांत दुसरीकडून मिळावी असं हवं होतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, 'दादा, ते दुकान होणार का खाली?' मी म्हणालो, 'नाही मावशी, कुणी होऊ देणार नाही. मीटिंग आहे रविवारी.' त्यांचं लाटणं थांबलं. 'तुमच्या बिल्डिंगीत नाही, म्हणजे आमच्या गल्लीत होय?'

मी नकाशा उघडला. मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना सोसायट्या. त्या संपल्या की मावशींची वस्ती. वस्तीच्या तोंडाशी पत्र्याचे आणि पक्के मिळून आठ-दहा गाळे, कुठल्याही सोसायटीत नसलेले. तिथं ना-हरकत मागायला कुणी नाहीच. प्रत्येक सोसायटी नाही म्हणाली की दुकान आपोआप तिथं पोचणार. पाणी उताराकडे जातं तसं. परवान्याचा नियम दारू थांबवत नव्हता, ती कुणाच्या दारात जाणार ते ठरवत होता.

मीटिंगमध्ये मी म्हणालो की आपण पत्र देऊ या, अटी घालून. रात्री नऊला बंद, बाहेर उभं राहून पिऊ द्यायचं नाही, कॅमेरा गाळेवाल्याच्या खर्चाने. आपल्याकडे वॉचमन आहेत, वकील आहेत, आपला फोन पोलिस उचलतात. आपल्याला त्या दुकानाचा त्रास झाला तर आपण तो निस्तरू शकतो, आणि इथली अर्धी गिऱ्हाइकं आपणच असणार आहोत. चेअरमन काका शांतपणे म्हणाले, 'तुझा मुद्दा कळतो रे, पण तुला मुलगी नाही अजून.' यावर खरंच उत्तर नव्हतं. म्हणजे मावशींना दोन मुली आहेत, हे उत्तर होतं, आणि मी ते दिलं. काही जण खाली बघू लागले, काही जण चिडले. मत घेतलं तेव्हा पत्र द्यावं म्हणणारे आम्ही सात जण होतो.

चेअरमन काकांना मी दोष देत नाही. आपल्या दारातला त्रास टाळायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क नोंदणी केलेल्या सोसायटीलाच का मिळावा, पत्र्याच्या गल्लीला का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि दारात असणं कशाने ठरतं? मावशी रोज नऊ तास आमच्या इमारतीत असतात. मी आठ तास झोपायला असतो.

दिवाळीच्या आधी दुकान उघडलं. गल्लीच्या तोंडाशी, अपेक्षेप्रमाणे. पाटी मराठीत, नाव साधं, सगळं नियमाला धरून. मीही एकदा तिथून घेतलंय. मालक शांत माणूस आहे. संध्याकाळी सातनंतर मात्र समोरच्या कट्ट्यावर गर्दी होते आणि मावशींच्या धाकट्या मुलीचा क्लास साडेसातला सुटतो.

मावशी आणि त्यांच्या गल्लीतल्या काही जणींनी आता आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करायला घेतल्यात. मी त्यांना हिशोब सांगितला. वॉर्डाच्या यादीत आमच्यासारख्या सोसायट्यांमधल्या बायकाही येतात आणि त्या मत द्यायला उतरल्या नाहीत तर ते उभ्या बाटलीलाच मिळाल्यासारखं आहे, हेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, 'मग तुमच्या बिल्डिंगीतल्या मॅडमना तुम्ही सांगा. मी जिन्यात सांगितलं तर हो म्हणतात नि दार लावतात.' आत्तापर्यंत मी अकरा दारं वाजवलीत. चार सह्या मिळाल्या.

गेल्या रविवारी त्यांनी अर्ज टाइप करून मागितला. मी नमुना लिहिला, वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, अजून एक ओळ घाला. दुकान बंद नाही केलं तरी चालेल, पण सात ते साडेआठ शटर खाली ठेवा, पोरी घरी येईपर्यंत. मी म्हणालो, 'मावशी, कायद्यात तसा पर्याय नाही. उभी किंवा आडवी, दोनच चित्रं असतात.'

'ते त्यांचं,' मावशी म्हणाल्या. 'तुम्ही लिहा तर खरं.'

मी ती ओळ लिहिली आणि चाळीस प्रती काढून दिल्या.